उशिरा दाबलेला ब्रेक

मी रंगराव शिणगारे. करूळ घाटात चाळीस वर्षं वडापची जीप चालवली आणि तेवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा म्हणून आला नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर गगनबावड्याच्या स्टँडवर कुणालाही विचारा. तो आधी तुम्हाला चहा पाजायला लावेल, पण सांगेल हेच. वडाप म्हणजे मावतील तेवढी माणसं घेऊन पळणारी जीप. कागदावर नऊ, आत पंधरा, आणि टपावर कोंबड्यांची डालगी. असली गाडी धुक्यातनं, उतारावरनं, दरीच्या कडेनं न्यायची म्हणजे खायचं काम नाही.

बढाई वाटत असेल तर वाटू द्या. बढाई मारायची मला सवय आहे, आणि ती मोडायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आमची एकुलती एक पोरगी संयोगिता. शेजारच्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही जीपखाली उताणी पडून स्प्रिंगांचे पाटे मोजायची. तिची आई डोक्याला हात लावायची, मी मात्र तिला पाना नेऊन द्यायचो. पुढं ती गाड्यांचीच इंजिनियर झाली, पुण्यात राहिली, परदेशात दोन वर्षं काढली आणि शेवटी कोल्हापूरच्या पंचगंगा ऑटोटेक नावाच्या कंपनीत आली. तिथं तिनं जे केलं ते सांगताना माझी छाती आजही दोन इंच फुगते.

हे २०४१ साल आहे. औषधं ड्रोननं येतात, रक्ताच्या पिशव्या ड्रोननं येतात. हमरस्त्यावर गाड्या आपल्या आपण चालतात. पण घाटात धुकं उतरलं आणि रस्त्यात म्हैस बसली की ही शहाणी गाडी जागच्या जागी उभी राहते आणि म्हैस उठायची वाट बघते. म्हणून खालच्या कोकणातला पेशंट कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणायचा तर अजून ॲम्ब्युलन्स लागते, आणि ती चालवायला माणूस लागतो. मणका मोडलेला गडी नाहीतर दिवस भरलेली बाई मागं आडवी, आणि प्रत्येक वळणाला गाडी डावीकडं-उजवीकडं कलणार. वर पोचेपर्यंत निम्मा जीव घाटातच जायचा. संयूनं ठरवलं, हे कलणं बंद करायचं.

तिनं मला समजावलं ते तुम्हाला सांगतो, आणि तिच्यापेक्षा सोपं सांगतो. गाडी वळते तेव्हा चाकं वळतात, पण वरचा बोजा सरळच जायला बघतो. त्यामुळं बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, आतल्या बाजूच्या सुटतात आणि गाडी बाहेर कलते. हे कमी करायला डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये एक आडवा पोलादी दांडा असतो. एक बाजू दबली आणि दुसरी उचलली की तो दांडा पिळला जातो, आणि पोलादाला पिळलेलं आवडत नाही. ते उलटा जोर लावतं. दांडा जेवढा जाड तेवढी गाडी कमी कलते. मग जाडच घाला की! तसं चालत नाही. जाड दांड्यानं दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा पेशंटची हाडं खिळखिळी होतात.

संयूनं दांडा मधोमध कापला आणि तिथं नारळाएवढी मोटर बसवली. सरळ रस्त्याला मोटर ढिली, चाकं आपापली मोकळी. वळण आलं की स्टेअरिंग किती फिरलं, वेग किती, हे बघून पापणी लवायच्या आत मोटर दांड्याला उलटा पीळ देते. गाडी कलायच्या आधीच सरळ. असा एक दांडा पुढं, एक मागं. पुढचा जास्त ताठ झाला तर गाडीचं नाक वळणाबाहेर पळतं, मागचा जास्त ताठ झाला तर शेपूट घसरतं. तिची यंत्रणा दोघांत जोर असा वाटते की गाडी हाताबरोबर वळते. नाद खुळा काम!

जिल्ह्याची समिती चाळीस ॲम्ब्युलन्स घेणार होती. एक दुसरी कंपनी आणि आमची संयू, दोघांच्या गाड्या घाटात पळवून बघायच्या होत्या. अट अशी, की कुठल्याही वळणाला गाडी अर्ध्या अंशापेक्षा जास्त कलता कामा नये. चाचणीला पंधरा-सोळा दिवस उरले असताना संयू घरी आली.

‘आबा, पहिली फेरी तुम्ही मारा. घाट तुमच्याइतका कुणाला कळत नाही.’

‘म्हणजे तुझं यंत्र पास करायचा मान माझा म्हण की.’

‘मान तुमचा, यंत्र माझं,’ ती म्हणाली. तोंडाळ आहे. माझ्यावर गेलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गाडी घेतली. मागं पेशंटच्या जागी वाळूची पोती, बाकी मी एकटा. संयू गगनबावड्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटरसमोर बसली होती. गाडीची प्रत्येक हालचाल तिच्याकडं लिहिली जात होती. दोन वळणं झाली, चार झाली, दहा झाली. गाडी पाटासारखी सपाट. डॅशबोर्डवर ठेवलेली माझी तंबाखूची डबीसुद्धा जागची हलेना. मी एकटाच हसायला लागलो. आयला, चाळीस वर्षं आम्ही उगाच हाडं मोडून घेतली म्हणायची! मनात म्हटलं, आज आपण निवांत चाललोय.

पुढं सासूचं वळण. त्याला हे नाव का, तर अगदी पुढं गेल्याशिवाय ते दिसत नाही, आणि दिसल्यावर पळायला जागा राहत नाही. तिथं मी शिरलो आणि टायर किंचाळले. मी ब्रेक दाबला. गाडी तरीही सपाटच, आणि सपाटच्या सपाट दरीकडं सरकत निघाली. थांबली तेव्हा कठडा आणि गाडी यांच्यात वीतभर जागा होती.

उतरलो आणि पहिलं काय केलं असेल? गाडीभोवती फिरून ओरखडा आलाय का बघितलं. नव्हता आला. काट्याशेजारच्या पडद्यावर वळणात शिरतानाचा वेग बघितला तर बावन्न. त्या वळणाला मी आयुष्यात कधी पस्तिसाच्या वर गेलो नव्हतो.

तेवढ्यात फोन वाजला. ‘आबा, काय झालं? गाडी अशी का थांबली?’

आणि माझ्या तोंडातनं निघालं, ‘ब्रेक लागला न्हाई, पोरी.’

बोलून गेलो. बाण सुटला.

वर आलो तर संयूचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मग कॉम्प्युटरवरची रेघ दाखवली. ‘ही नोंद म्हणतीय ब्रेक पूर्ण लागला होता. फक्त वीस मीटर उशिरा दाबला गेला.’

आता सापडलो.

‘तुम्ही वीस मीटर उशिरा ब्रेक दाबणार?’ ती म्हणाली. ‘एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, आबा. सेन्सरच खोटं बोलतोय.’ आणि तिनं त्या नोंदीवर लाल फुली मारली.

बघा म्हणजे. जी पोरगी केसाएवढा आकडा तीनदा तपासते, तिनं बापाचं नाव आणि यंत्राची नोंद समोरासमोर ठेवली आणि यंत्र खोटं ठरवलं. अभिमान वाटायला पाहिजे होता. वाटलाही. आणि त्याच वेळी असं वाटलं की आपण इथंच जमिनीत जावं.

ब्रेकचं काम अल्ताफ मुजावरकडं होतं. अल्ताफ आमचा जुना माणूस. माझ्या जीपचे ब्रेक वीस वर्षं त्यानंच सांभाळले, म्हणून संयूनं त्याला कंपनीत घेतला होता. कंपनीचे मालक मोहिते साहेब त्याच दिवशी आले, चौकशी केली आणि अल्ताफला घरी बसवला. मग ब्रेक खोलले. पाईप काढले, पंप काढला, सेन्सर बदलले. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. चूक असती तर सापडली असती.

घरी मी जेवायचो, उठायचो, ओसरीवर बसायचो. चौथ्या दिवशी मंगल, म्हणजे आमची मंडळी, ताट उचलताना म्हणाली, ‘आज आमटीत मीठ घातलं न्हवतं.’

‘मग?’

‘मग काय? मुद्दाम न्हवतं घातलं. लगीन झाल्यापासनं मीठ चिमूटभर कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस आज दोन वाट्या आमटी प्याला. तुमच्या पोटात काय हाय ते मला ठावं न्हाई. पर जे हाय ते पोरीला सांगा.’

‘कायतरीच बोलतीस,’ म्हणून मी उठलो. पण रात्रभर कूस बदलत राहिलो.

पाचव्या दिवशी सकाळी अल्ताफ दारात. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आत ये म्हटलं तर येईना. पायरीवरच बसला.

‘रंगामामा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. प्रत्येक नट मी हातानं आवळला होता. पण तुम्ही म्हणताय ब्रेक लागला न्हाई, म्हणजे न्हाईच लागला. चूक माझीच असणार. फक्त ती कुठली, ते मला दिसंना झालंय.’

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याला हाताला धरून उठवलं, चपला पायात सरकवल्या आणि दोघं शेडकडं निघालो. वाटेत एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर वाटेतनंच परत फिरलो असतो.

संयू गाडीखाली होती. मी म्हटलं, ‘बाहेर ये.’

ती आली. हाताला काळं, केस विस्कटलेले.

‘ती फुली काढ,’ मी म्हणालो. ‘तुझं यंत्र खरं बोलतंय. मी खोटं बोललो. ब्रेक लागला हुता. मीच उशिरा दाबला.’

तिनं अल्ताफकडं बघितलं. ‘पाच दिवस, आबा. पाच दिवस मी अल्ताफचाचांबद्दल नाही नाही ते बोलले.’

‘व्हय.’

‘आणि तुम्ही ऐकत होता.’

‘व्हय.’

अल्ताफ मध्ये पडला. ‘जाऊ दे पोरी. मामाच हाईत आपलं.’

‘तुम्ही थांबा चाचा,’ ती कडाडली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ती ते लपवत नव्हती. तिनं अल्ताफचे दोन्ही हात धरून माफी मागितली. मग मोहित्यांना फोन लावला, चूक चालवणाऱ्याची होती, ब्रेकची नव्हती, अल्ताफ मुजावर आजपासून कामावर आहेत असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. मग मला वाटलं, आता माझी पाळी. पण ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि तिनं असा प्रश्न विचारला जो फक्त तिलाच सुचावा.

‘उशिरा का दाबला?’

‘वय झालं. दुसरं काय?’

‘वय झालं असतं तर पाय पाव सेकंद उशिरा पडला असता. हा दीड सेकंद आहे. पाय उशिरा पडला नाही, आबा. गाडी जोरात आहे हेच तुम्हाला उशिरा कळलं. रोज कसं कळतं तुम्हाला?’

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं. ‘काट्याकडं बघून मी कधी गाडी चालवली न्हाई. वळणाला बुडाखालची सीट किती कलती त्यावरनं कळतं. आणि मागच्या बायकांवरनं.’

‘कुठल्या बायका?’

‘बाजाराच्या. वळण बेतात घेतलं तर त्या गप्पा मारत बसत्यात. जरा जोर झाला, गाडी कलली, की गप बसत्यात. आणि त्याच्याही वर गेलं की आगं आई गं म्हणत्यात. त्या गप बसल्या की मी पाय काढायचो. आगं आई म्हणायची पाळी मी कधी आणली न्हाई.’

संयू हसली नाही. ती उठून गाडीपाशी गेली, टायरवर हात ठेवून उभी राहिली. ‘टायरची पकड तेवढीच आहे,’ ती हळू म्हणाली, बहुतेक स्वतःलाच. ‘गाडी कलो न कलो, वळणाला भार बाहेरच्या चाकांवर सरकतोच. मी फक्त कलणं थांबवलं. सरकणं नाही थांबवलं. टायर संपत आलेला असतो आणि माणसाला वाटतं निवांत चाललंय. आबा, माझ्या गाडीत तुमच्या त्या बायका दरीत पडेपर्यंत गप्पाच मारत बसतील.’

अगदी तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षा घेतली, आणि ती स्वतःचीच. डोळ्यांवर ओढणी बांधून माझ्या शेजारी बसली. खरा वेग कळावा म्हणून या वेळी मी काट्यावर नजर ठेवून गाडी चालवली. प्रत्येक वळणाला तिनं वेग ओळखायचा आणि अल्ताफनं मागं बसून लिहायचा. आधी साधी ॲम्ब्युलन्स नेली. तिचा अंदाज दोन-तीन किलोमीटरच्या आत बरोबर यायचा. मग तिची गाडी. चाळीस असताना ती तीस म्हणायची, सेहेचाळीस असताना बत्तीस. बावीस वळणं, आणि बाविसाच्या बावीस वेळा कमी. वैभववाडीच्या ॲम्ब्युलन्सवरच्या दिगंबर तेलीला बसवलं, त्याचंही तेच झालं. ओढणी सोडून तिनं कागद बघितला आणि म्हणाली, ‘बाजूला ओढल्यासारखं वाटतं तेवढ्यानं माणसाचं भागत नाही. कलणं हीच त्याची भाषा आहे, आणि मी ती बंद करून बसले.’

मग चार दिवस ती शेडमध्येच राहिली. तिनं मोटर बदलली नाही, दांडा बदलला नाही, फक्त मोटरीची अक्कल बदलली. टायरची जेवढी ताकद आहे तिच्यातली सत्तर टक्के वापरली जाईपर्यंत गाडी सपाट. रीतसर चालवणाऱ्याच्या पेशंटला वळण जाणवायचंसुद्धा नाही. पण त्याच्या वर गेलं की मोटर हळूहळू पीळ सोडायला लागते आणि गाडी साध्या गाडीसारखी कलते. आधी थोडी, मग जास्त. रस्ता ओला असला की टायरची ताकद कमी, म्हणून कलणं आधीच सुरू. मी ती गाडी चालवली. सासूच्या वळणाला चाळीसला पोचलो तशी सीट बुडाखालून जरा सुटली आणि माझा पाय आपोआप वर आला. मी पोरीकडं बघितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मोहिते साहेबांना मात्र घाम फुटला. ‘अहो संयोगिता मॅडम, अट अर्ध्या अंशाची आहे. तुमची गाडी दोन अंश कलली तर आपण बाद. या वेळी सपाट दाखवू. ऑर्डर मिळाल्यावर हवं ते बदला.’

‘ऑर्डर मिळाल्यावर कोण बदलतं, साहेब?’

‘हातचं काम जाईल. चाळीस गाड्या आहेत!’

‘चाळीस गाड्या म्हणजे चाळीस ड्रायव्हर. आणि मागं चाळीस पेशंट,’ ती म्हणाली. ‘सपाट न्यायची असेल तर माझ्याशिवाय न्या.’ साहेब पाय आपटत गेले, पण गाडी तिनं ठेवली तशीच राहिली. एवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी पाच दिवस एका ओरखड्याला भीत बसलो होतो.

चाचणीच्या दिवशी गगनबावड्याच्या स्टँडवर जत्रा भरल्यासारखी गर्दी. घाटातले झाडून सगळे ड्रायव्हर हजर, अल्ताफही होता. समितीच्या प्रमुख डॉक्टर विशाखा नाडगौडा. बारीक चणीच्या, पण नजर अशी की पेशंटचा ताप तिथंच उतरावा. दोन्ही गाड्या दिगंबर तेलीनंच चालवायच्या, खालून वर. आधी दुसऱ्या कंपनीची आली. कलणं शून्य. त्यांचा इंजिनियर टाय सारखा करत उतरला.

मग संयूची. डॉक्टर मागं, कलणं मोजायला पेशंटच्या जागी आडवा ठेवलेल्या पुतळ्याशेजारी, मी पुढं दिगंबरच्या बाजूला. मला गप्प बसायची सक्त ताकीद होती. इलेक्ट्रिक गाडी, चढ तिला चढ वाटत नाही. दिगंबर पहिल्या फेरीनं चांगला गरम झालेला. सोळाव्या वळणापर्यंत गाडी पोटातलं पाणी हलू देईना. सतराव्याला तो जोरात शिरला. गाडी अलगद कलली. दिगंबरचा पाय सुटला, वेग उतरला, गाडी पुन्हा सपाट. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण तोंडावर हसू आलं होतं.

वर आल्यावर डॉक्टरांनी कागद हातात घेतला. ‘सतराव्या वळणाला दोन अंश. अट अर्ध्या अंशाची होती.’

‘हो. मी मुद्दाम कलवली,’ संयू म्हणाली, आणि तिनं टायरचं, कलण्याचं सगळं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही.

टायवाला हसला. ‘मॅडम, असल्या इशाऱ्याची गरज नवशिक्याला. अनुभवी ड्रायव्हरला वेग कळतोच. ड्रायव्हर कच्चा आहे म्हणून पेशंटनं का कलायचं?’

डॉक्टरांनी मान डोलावली. मोहित्यांनी तोंड फिरवलं. आणि संयू गप्प उभी राहिली. तिच्याकडं उत्तर होतं. तिच्या कॉम्प्युटरात लाल फुली पुसलेली ती रेघ होती. ती दाखवली असती तर काम झालं असतं. पण सगळ्या स्टँडसमोर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर तिला बापाचं नाव खराब करायचं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि त्यावरनंच मला ते कळलं.

मी पुढं झालो. ‘डॉक्टरबाई, मी रंगराव शिणगारे. चाळीस वर्षं या घाटात गाडी चालवली. ओरखडा न्हाई. इथं उभं हाईत त्या सगळ्यांना इचारा.’

‘खरं हाय!’ मागनं चार-पाच जण ओरडले.

‘थांबा रं. आजपासनं ते खरं ऱ्हाणार न्हाई. पंधरा दिवसांमागं पोरीची गाडी घेऊन गेलो. तवा ती साफ सपाट हुती, ह्या साहेबांच्या गाडीगत. सासूच्या वळणाला पस्तीसच्या जागी बावन्ननं शिरलो, आणि मला वाटत हुतं निवांत चाललोय. दरीला वीतभर कमी पडलं. वर येऊन खोटं बोललो की ब्रेक लागला न्हाई. त्यापायी त्या अल्ताफला पाच दिवस घरी बसवलं. तो तिथं उभा हाय, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. माझ्याएवढा अनुभवी गडी तुमच्याकडं असंल तर आणा, साहेब. त्यालाबी हेच हुईल.’

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण मान खाली गेली नाही. का जावी? खोटं बोलताना जायला पाहिजे होती, ती वेळ होऊन गेली होती.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग दिगंबरला जवळ बोलावलं. ‘सतराव्या वळणाला तुम्ही वेग का कमी केलात?’

दिगंबर गोंधळला. ‘कमी केला? मी? न्हाई बा. दोन्ही गाड्या मी सारख्याच आणल्या.’

‘सारख्याच?’

‘आईशप्पत सारख्याच, मॅडम.’

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. टायवाल्याच्या गाडीत त्याच वळणाला वेग सत्तावन्न. टायरची ताकद शंभरातली शहाण्णव वापरलेली. संयूच्या गाडीत बेचाळीस. बाई सावकाश म्हणाल्या, ‘म्हणजे मघाशी पहिल्या गाडीत मी मागं बसले होते, आणि आपण किती वाचलो हे आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही.’

टायवाल्यानं टाय सैल केला.

समितीनं त्या दिवशी कुणालाच काम दिलं नाही. अटच रद्द केली. दीड महिन्यानं नवीन अट आली, कागदावर, शिक्क्यासकट: गाडी पेशंटसाठी सपाट राहिली पाहिजे, पण टायरची पकड संपत आली की तिनं कललंच पाहिजे, ड्रायव्हर कितीही अनुभवी असो. त्या अटीत बसणारी गाडी तेव्हा एकच होती. मोहिते साहेब पेढे घेऊन घरी आले. मंगलनं ते देवापुढं ठेवले, आणि संयूला जवळ घेऊन दोघी मायलेकी रडल्या. मी नाही रडलो. मी ओसरीवर जाऊन नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी, चाचणीनंतर पहिल्यांदाच, स्टँडवर गेलो. पोरं टपूनच बसली होती. दिगंबर सगळ्यांत पुढं.

‘काय रंगामामा, ऐकलं ते खरं काय? चुकलासा म्हणं!’

सगळे दात काढायला लागले. अल्ताफसुद्धा चहाच्या कपात हसत होता. मी बाकड्यावर बसलो, मांडी घातली, तंबाखू मळली, आणि चांगली दाढेखाली धरल्यावर बोललो.

‘चुकलो की. चाळीस वर्षांत एकदा चुकलो, तर माझ्या पोरीनं त्यातनं शोध काढला आणि सरकारनं नियम केला. तुम्ही रोज चुकताय. कोण इचारतंय का?’